पिप चालेना: कॉलेजच्या लॅबमधल्या सर्टिफिकेट एररचं प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय. संगणक विभागाच्या तीन लॅब, मिळून साठेक संगणक. दोन लॅब विंडोजच्या आणि डोमेनला, म्हणजे कॉलेजच्या मध्यवर्ती नियंत्रणाला, जोडलेल्या, तिसरीत सगळ्यात जुनी यंत्रं आणि त्यांवर उबंटू लिनक्स. शिवाय निम्म्याहून जास्त मुलं स्वतःचे लॅपटॉप आणून कॉलेजच्या वाय-फायवर काम करतात.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजने फायरवॉल बदलला. आधीचा फायरवॉल नको त्या साइट अडवायचा, त्यापलीकडे काही नाही. नवीन फायरवॉलमध्ये एचटीटीपीएस इन्स्पेक्शन चालू केलं गेलं. म्हणजे लॅबमधून कुठल्याही सुरक्षित साइटकडे जाणारं कनेक्शन फायरवॉल मधेच थांबवतो, आतला मजकूर तपासतो आणि पुढे पाठवतो. टपालातलं पाकीट वाटेत उघडून, वाचून, दुसऱ्याच शिक्क्याने बंद करून पुढे द्यावं तसं. हा शिक्का म्हणजे फायरवॉलने स्वतः तयार केलेलं सर्टिफिकेट. ते खरं मानायचं तर त्यावर सही करणाऱ्या फायरवॉलच्या सर्टिफिकेट अथॉरिटीवर, म्हणजे सीएवर, संगणकाचा विश्वास हवा. फायरवॉल पुरवणाऱ्या व्हेंडरने हे सीए ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे एका जागेवरून सगळ्यांना सेटिंग पाठवण्याच्या सोयीतून, डोमेनमधल्या सगळ्या विंडोज यंत्रांवर टाकलं, ब्राउझरमध्ये चार साइट उघडून दाखवल्या आणि काम पूर्ण झाल्याची सही घेतली.

सुट्टी संपली तेव्हा प्रॅक्टिकल परीक्षेला तीन आठवडे उरले होते. मशीन लर्निंगच्या मुलांना पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस इंटरनेटवरून उतरवून बसवणाऱ्या साधनाने, लायब्ररी (तयार कोडची पॅकेजेस) उतरवायच्या होत्या, वेब टेक्नॉलॉजीच्या मुलांना एनपीएमने, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसोबतच्या तशाच साधनाने. पहिल्याच दिवशी दोन्ही अडलं. विभागप्रमुख मॅडमनी मला बोलावलं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, आणि तोवर लॅबमध्ये तऱ्हेतऱ्हेचे उपाय करून झाले होते.

काय बिघडलं होतं

मुलांची तक्रार होती, "सर, नमपायची व्हर्जन सापडत नाही." नमपाय ही आकडेमोडीची पायथन लायब्ररी. पिपचा आउटपुट पाहिला की असं का वाटतं ते कळतं. पिप आधी पिवळ्या अक्षरांत चार-पाच लांबलचक वॉर्निंग देतो, पुन्हा प्रयत्न करतोय असं सांगतो आणि शेवटी लाल अक्षरांत म्हणतो की मागितलेल्या पॅकेजची जुळणारी आवृत्ती मिळाली नाही. घाईत असलेला माणूस शेवटची लाल ओळ वाचतो. म्हणून मुलं व्हर्जन नंबर बदलून पाहत होती, पायथन काढून पुन्हा टाकत होती, एकाने तर विंडोज फॉरमॅट केलं होतं.

खरी गोष्ट वरच्या पिवळ्या ओळींत होती: सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड, सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन. म्हणजे सर्टिफिकेटांच्या साखळीत एक स्वतःच स्वतःवर सही केलेलं आहे, म्हणून पडताळणी फसली. लाल ओळीतही एक खूण होती. कंसात उपलब्ध आवृत्त्यांची यादी असते, तिथे "नन" लिहिलेलं होतं. नमपायची एकही आवृत्ती जगात नाही, असं होणं शक्य नाही. यादी पूर्ण रिकामी असेल तर बहुतेक वेळा पॅकेजचं नाव तरी चुकलेलं असतं, नाहीतर पिप इंडेक्सपर्यंत, म्हणजे पॅकेजच्या ऑनलाइन यादीपर्यंत, पोचलेलाच नसतो. इथे नाव बरोबर होतं.

एनपीएमचा एरर त्या मानाने सरळ होता. त्याचा कोडच सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटबद्दल बोलत होता.

लॅब असिस्टंटनी इंटरनेटवर शोधून उपाय केला होता. पिपला ट्रस्टेड-होस्टचा पर्याय द्यायचा, एनपीएमला स्ट्रिक्ट-एसएसएल बंद करायला सांगायचं, म्हणजे दोघांनाही सर्टिफिकेट तपासू नका म्हणायचं. दोन्ही चाललं. त्यांनी एका लॅबमध्ये हे पर्याय कायमचे कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवले आणि मुलांना फळ्यावर कमांड लिहून दिली. मी गेलो तेव्हा फळा तसाच होता. ते म्हणाले, "सर, हे टाकलं की चालतंय. मग एवढं कशाला खोलात जायचं? परीक्षा तोंडावर आलीय."

प्रश्न रास्त होता. पुढचे सगळे निर्णय त्याच्याभोवती फिरले.

निदान कसं झालं

आधी एकच कमांड दोन ठिकाणी चालवली. एकाच लॅपटॉपवर कॉलेजचं वाय-फाय काढून मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला आणि पिपने नमपाय मुकाट उतरवलं. म्हणजे लॅपटॉप, पायथन, पिप आणि पायपीआय (पिप जिथून पॅकेज आणतो ती साइट) या चौघांपैकी कुणाचा दोष नाही. वाट बदलली की त्रास जातो. ही तपासणी पहिल्या दिवशी झाली असती तर विंडोज फॉरमॅट करायची वेळ आली नसती.

मग ब्राउझरमध्ये पायपीआयचं पान उघडून सर्टिफिकेट पाहिलं. हॉटस्पॉटवर "इश्यूड बाय"च्या खाली एका सार्वजनिक सर्टिफिकेट संस्थेचं नाव. कॉलेजच्या नेटवर्कवर, त्याच पत्त्यासाठी, त्याच रकान्यात फायरवॉलचं नाव. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट हाताळणाऱ्या साधनाच्या एस-क्लायंट कमांडने सर्टिफिकेटांची सगळी साखळी छापून घेतली तर तेच. सेल्फ-साइन्ड म्हणून पिप ज्याच्याकडे बोट दाखवत होता ते फायरवॉलचं मूळ सीए होतं. पिप बरोबर सांगत होता. त्याच्या दृष्टीने वाटेत एक अनोळखी इसम पायपीआय म्हणून उभा होता.

ब्राउझर चालतो आणि पिप का चालत नाही, हा पुढचा प्रश्न. व्हेंडरचा इंजिनिअर फोनवर याच मुद्द्यावर अडून बसला होता: "सीए सगळ्या मशिनवर आहे, ब्राउझरला एरर नाही, म्हणजे प्रॉब्लेम पायथनचा आहे." विश्वासाची यादी विंडोजमध्ये एकच असते असं त्यात गृहीत धरलेलं होतं, आणि तसं नसतं. ब्राउझर विंडोजच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये संस्थेने टाकलेलं सीए मानतो. पिप मात्र वर्षानुवर्षं सर्टिफाय नावाची स्वतःची यादी सोबत बाळगत आला आहे. मोझिलाने मान्य केलेल्या संस्थांवरून ती बनते आणि विंडोजच्या स्टोअरकडे बघतसुद्धा नाही. नोडचंही तसंच, यादी त्याच्या पोटात बांधलेली.

हे दाखवून देण्यासाठी त्याच संगणकावर पायथनच्या स्वतःच्या, वेबपानं आणणाऱ्या यूआरएललिब लायब्ररीने पायपीआयचं पान मागितलं. ते आलं. पायथन तेच, संगणक तोच, नेटवर्क तेच, तरी यूआरएललिबला पान मिळतं आणि पिपला नाही. कारण पायथनचं सुरक्षित कनेक्शन सांभाळणारं मूळ एसएसएल मॉड्यूल विंडोजवर विंडोजचंच स्टोअर वाचतं. हे पाहिल्यावर फोनवरचा वाद संपला.

यात आणखी एक पदर होता. २०२४ च्या जुलैत आलेल्या पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा पुढचा असेल तर, पिप आपणहून ऑपरेटिंग सिस्टिमचं स्टोअर वापरतो. लॅबमध्ये पायथन ३.११ होता, त्याच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत येणारा पिप या बदलाच्या आधीचा. एका हुशार मुलीने हॉटस्पॉटवर जाऊन पिप अपग्रेड केला होता आणि लॅबच्या यंत्रावर तिचं काम सुरळीत चालू होतं. शेजारच्या मुलाला ते कळेना, कारण दोघांच्या कमांड एकच. दुसऱ्या दिवशी तिने नवीन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी मांडणी) बनवलं आणि एरर परत आला. नवं एन्व्हायर्नमेंट बनवताना पायथन आपल्यासोबतचा जुनाच पिप त्यात घालतो. "काल चालत होतं, आज नाही" अशा तक्रारींचा उगम हाच होता.

उबंटूच्या लॅबमध्ये वेगळीच गुंतागुंत. ही यंत्रं डोमेनमध्ये नाहीत, त्यामुळे फायरवॉलचं सीए तिथे पोचलंच नव्हतं. तरी लॅब असिस्टंट म्हणत होते की नेट ठीक आहे, कारण एपीटीने, म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज साधनाने, अपडेट व्यवस्थित होतात. एपीटीचं चालणं इथे पुरावा धरता येत नाही. उबंटूचे नेहमीचे रिपॉझिटरी पत्ते साध्या एचटीटीपीवर आहेत. खरेपणा तिथे पॅकेज यादीवरच्या जीपीजी या डिजिटल सहीने तपासला जातो, सर्टिफिकेटचा संबंधच येत नाही.

त्याच लॅबमधल्या काही यंत्रांवर मात्र एररचं शेपूट वेगळं होतं: सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड. अजून मुदत सुरूच झाली नाही? यंत्राची तारीख पाहिली तर काही वर्षं मागची. मदरबोर्डवरची बटण सेल मेलेली, त्यात वीज जाणं-येणं रोजचं; प्रत्येक वेळी घड्याळ मागे पडायचं. आधी इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळायची म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नवीन फायरवॉलने वेळ जुळवण्याचा यूडीपी १२३ हा पोर्ट बाहेर जायला बंद केला होता. म्हणजे या यंत्रांवर दोन स्वतंत्र बिघाड एकावर एक बसले होते आणि एक सुधारला तरी दुसरा तसाच राहणार होता. "एसएसएल एरर" एवढंच तक्रारीत लिहून घेतलं की हे असं सगळं एका पोत्यात जातं. पूर्ण ओळ उतरवून घेतली असती तर यंत्रांचे दोन गट पहिल्याच दिवशी वेगळे पडले असते.

समोरचे पर्याय

मॅडमच्या केबिनमध्ये बैठक झाली: मॅडम, लॅब असिस्टंट, कॉलेजचे नेटवर्क सांभाळणारे सर, व्हेंडरचा इंजिनिअर आणि मी.

पहिला पर्याय फळ्यावरच होता, सर्टिफिकेटची तपासणी बंद करणं. त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडली, कारण ती पूर्ण पोकळ नाही. लॅबच्या संगणकापासून फायरवॉलपर्यंतचाच टप्पा तपासणीविना राहतो. पुढे खऱ्या पायपीआयचं सर्टिफिकेट फायरवॉल तपासतो. पण त्या टप्प्यात लॅबचं आणि वाय-फायचं सगळं नेटवर्क येतं, आणि तिथे मधे घुसायला फार मोठी विद्या लागत नाही. पॅकेज बसवणं म्हणजे फक्त फाइल उतरवणंही नव्हे. सोर्समधून पायथन पॅकेज बसताना त्यातली सेटअपची स्क्रिप्ट चालते, एनपीएम पॅकेजला पोस्ट-इन्स्टॉल स्क्रिप्ट असू शकते. ज्याने वाटेत पॅकेज बदललं, त्याचा कोड तुमच्या यंत्रावर तुमच्या अधिकाराने चालला. आणि मुलांचे लॅपटॉप संध्याकाळी होस्टेलवर, खोलीवर, स्टेशनच्या वाय-फायवर जातात. कॉन्फिग फाइलमधली ट्रस्टेड-होस्टची ओळ त्यांच्यासोबत जाते आणि तिथे पुढे तपासायला कुठला फायरवॉल नसतो.

माझ्या मनात याहून मोठं कारण होतं. पिप २०१३ पासून सर्टिफिकेट तपासतो, पायथनच्या मूळ लायब्ररीत ती तपासणी २०१४ च्या डिसेंबरातल्या २.७.९ पासून आपोआप होऊ लागली. लोकांनी भांडून मिळवलेली गोष्ट आहे ही. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला फळ्यावरून शिकवलेली कमांड मुलगा नोकरीत घेऊन जातो. उद्या तो बँकेच्या सर्व्हरवर काम करताना एरर आला की हात आपोआप तिकडेच जाणार. कॉलेजने हे शिकवता कामा नये, असं मी स्पष्ट म्हटलं, आणि मॅडमना ते पटलं.

दुसरा पर्याय होता फायरवॉलचं सीए प्रत्येक साधनाला शिकवण्याचा. लॅबच्या यंत्रांसाठी तो योग्यच. पण त्यात एक खाच आहे आणि तिच्यात बरेच जण अडकतात. पिपला सर्टचा पर्याय देऊन एखादी फाइल दाखवली की ती फाइल सर्टिफायच्या यादीत मिळवली जात नाही, तिची जागा घेते. त्या फाइलमध्ये फक्त फायरवॉलचं सीए असेल तर पिपचा बाकी जगावरचा विश्वास उडतो: कॉलेजात चालतो, घरी बंद. एनपीएमच्या सीएफाइलचंही असंच. नोडचं एक्स्ट्रा-सीए-सर्ट्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मात्र खरोखर भर घालतं. नेटवर्कच्या सरांनी सुचवलं की सर्टिफायची पूर्ण यादी आणि आपलं सीए जोडून एकच फाइल करू आणि सगळ्यांना वाटू. चालेल, पण त्या दिवसापासून ती यादी गोठते. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं जुनं मूळ सर्टिफिकेट, डीएसटी रूट सीए एक्स३, ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपलं तेव्हा जुन्या याद्या आणि जुनी ओपनएसएसएल १.०.२ घेऊन बसलेली यंत्रं चांगल्या साइटनाही नकार देऊ लागली होती. हाताने जोडलेली फाइल पुढे कोण ताजी ठेवणार? त्याचं उत्तर बैठकीत कुणाकडे नव्हतं.

आणि मुलांच्या लॅपटॉपचं काय? व्हेंडरचं म्हणणं, वाय-फाय वापरायचं तर सीए टाकायला लावा. याला मी ठाम विरोध केला. ज्या यंत्राच्या स्टोअरमध्ये हे सीए बसेल त्या यंत्राला, ज्याच्या हातात त्या सीएची खासगी किल्ली आहे तो, कुठलीही साइट असल्याचं भासवू शकतो: बँक, मेल, काहीही. कॉलेजच्या मालकीच्या यंत्रांवर कॉलेजने हे करणं वेगळं. मुलांच्या खासगी लॅपटॉपवर, एका लॅब प्रॅक्टिकलसाठी, कायमची इतकी सत्ता मागणं मला मान्य नव्हतं. नेटवर्कच्या सरांनीच विचारलं, "आणि हे सर्टिफिकेट त्यांच्या लॅपटॉपमधून काढणार कोण, पास आउट झाल्यावर?"

तिसरा पर्याय, पॅकेजच्या ठरावीक पत्त्यांना इन्स्पेक्शनमधून सूट. या पत्त्यांवरून मुलं नको ते बघत बसतील असं काही नाही, आणि पॅकेज मॅनेजर आपली तपासणी स्वतः करतो. इंजिनिअरची शंका होती की ऑडिटमध्ये सूट का दिली असं विचारलं तर काय सांगायचं. त्याला लेखी कारण हवं होतं आणि ते मागणं योग्यच होतं.

चौथा, लॅबमध्येच पॅकेजचा साठा ठेवायचा. पूर्ण मिरर, म्हणजे सगळ्या पॅकेजची प्रत, चालवायला सर्व्हर आणि माणूस दोन्ही लागतात, ते शक्य नव्हतं. पण परीक्षेपुरत्या लायब्ररींच्या व्हील फाइल, म्हणजे बसवायला तयार पॅकेजच्या फाइल, एका शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवायला काही लागत नाही.

काय केलं

तिसरा पर्याय मुख्य, लॅबच्या यंत्रांसाठी दुसऱ्यातला सुरक्षित भाग, आणि परीक्षेसाठी चौथा, असं ठरलं.

मॅडमनी प्राचार्यांच्या नावे एक पानी टिपण लिहिलं: कोणत्या पत्त्यांना सूट, का, आणि त्याने कोणता धोका वाढत नाही. प्राचार्यांची सही झाल्यावर व्हेंडरने पायपीआयच्या पत्त्याला सूट दिली. तरी पिप पडलाच. आता इंडेक्स वाचला जात होता, आवृत्तीही ठरत होती, पण उतरवायला सुरुवात होताच तोच एरर. पायपीआयवर फक्त यादी असते. फाइल येतात त्या फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग या वेगळ्या पत्त्यावरून. तो आणि एनपीएमचा रजिस्ट्री पत्ता जोडल्यावर मुलांच्या लॅपटॉपवर, त्यावर काहीही न बसवता, दोन्ही साधनं चालू लागली.

विंडोज लॅबमध्ये नव्या पिपची व्हील फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली. नवं एन्व्हायर्नमेंट बनवल्यावर आधी इंडेक्स न वापरता त्या फोल्डरमधून पिप अपग्रेड करायचा, हा प्रॅक्टिकलच्या सूचनापत्रातला पहिला मुद्दा झाला. नोडसाठी एक्स्ट्रा-सीए-सर्ट्सचं व्हेरिएबल ग्रुप पॉलिसीतून दिलं, कारण मुलांचे प्रोजेक्ट सूट नसलेल्या एपीआयनाही, म्हणजे इतर ऑनलाइन सेवांनाही, हाक मारतात.

उबंटूच्या लॅबमध्ये लॅब असिस्टंटनी स्वतः सीए बसवायला घेतलं. फायरवॉलमधून उतरवलेली फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवली, अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स चालवलं आणि उत्तर आलं: झिरो अ‍ॅडेड, झिरो रिमूव्ह्ड, डन. एरर नाही म्हणून त्यांना वाटलं झालं. "झिरो अ‍ॅडेड" म्हणजे काहीच झालेलं नाही. फाइलचं एक्स्टेन्शन सीईआर होतं. ही कमांड त्या फोल्डरमध्ये फक्त सीआरटी शोधते. नुसतं नाव बदलूनही भागलं नसतं, कारण फाइल बायनरी स्वरूपातली होती. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर "बिगिन सर्टिफिकेट" अशी ओळ दिसायला हवी होती, तिथे नुसता कचरा. ओपनएसएसएलने पीईएम या मजकुराच्या स्वरूपात बदलली, सीआरटी नाव दिलं, कमांड पुन्हा चालवली. वन अ‍ॅडेड. त्यांनी तिथेच हे दोन्ही आउटपुट आपल्या वहीत उतरवून घेतले.

घड्याळांसाठी कॉलेजच्याच एका सर्व्हरला वेळेचा सर्व्हर केलं, त्यालाच बाहेर जायची परवानगी दिली, आणि मेलेल्या सेल बदलल्या.

शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं: आधीचे उपाय उपटून काढणं. ते कुठे कुठे रुजलेत हे शोधायला पिपची कॉन्फिग डीबग ही कमांड कामी आली. कोणकोणत्या फाइल वाचल्या जातात आणि कुठल्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते ती दाखवते. ट्रस्टेड-होस्टची ओळ काही यंत्रांवर युजरच्या फाइलमध्ये, काहींवर प्रोग्रामडेटातल्या सर्वांसाठीच्या फाइलमध्ये निघाली. एनपीएमचं स्ट्रिक्ट-एसएसएल पुन्हा चालू केलं. काही यंत्रांवर नोडचं टीएलएस-रिजेक्ट-अनऑथराइज्ड हे व्हेरिएबल पूर्ण सिस्टिमसाठी शून्य करून ठेवलेलं सापडलं. त्याने फक्त एनपीएम नव्हे, त्या यंत्रावरचा प्रत्येक नोड प्रोग्राम सर्टिफिकेट न तपासता बोलत होता.

फळा लॅब असिस्टंटनी पुसला. त्या जागी त्यांनी लिहिलं: एरर आला तर आधी सगळ्यात वरची ओळ वाचा.

परिणाम

प्रॅक्टिकल परीक्षा व्हील फाइलच्या फोल्डरवर पार पडली; त्या दोन दिवसांत नेट गेलं तरी कुणाचं अडलं नाही. लॅपटॉपवाल्या मुलांच्या तक्रारी सूट लागू झाल्या त्या दिवशीच थांबल्या.

सगळं सुटलं असं मात्र नाही. पुढच्या सत्राच्या सुरुवातीला एका विंडोज लॅबमध्ये ट्रस्टेड-होस्ट पुन्हा दिसू लागलं. लॅबची यंत्रं ज्या डिस्क इमेजवरून परत बसवली जातात ती इमेज त्या गोंधळाच्या आठवड्यात घेतलेली होती. यंत्रं साफ झाली, इमेज राहिली. ती नव्याने करावी लागली.

त्यानंतर एका मुलाने स्वतःच्या प्रोजेक्टसाठी पायथन ३.१३ टाकला. पिप चालला, पण त्याचा प्रोग्राम यूआरएललिबने हवामानाची माहिती आणताना पडला: मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर, म्हणजे सही करणाऱ्या सीएची किल्ली ओळखायचा रकाना गायब. पायथन ३.१३ पासून मूळ एसएसएल मॉड्यूलची नेहमीची तपासणी जास्त कडक झाली आहे, आणि फायरवॉल जागेवर बनवत असलेल्या सर्टिफिकेटमध्ये तो रकानाच नव्हता. जुना पायथन हे चालवून घ्यायचा. इथे विश्वासाच्या यादीत खोट नव्हती. सर्टिफिकेटच अर्धवट होतं. व्हेंडरला लेखी कळवलं आहे, फायरवॉलच्या पुढच्या अपडेटची वाट आहे. तोवर ३.१३ साठी कडक तपासणी सैल करायची मागणी मॅडमनी नाकारली. त्या मुलाला ३.१२ वर काम करायला सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

फायरवॉल बदलताना विभागाला विचारलंच गेलं नाही. व्हेंडरच्या स्वीकृती चाचणीत ब्राउझर होता, पिप, एनपीएम, गिट यांपैकी काहीच नव्हतं. संगणक विभाग असलेल्या कॉलेजने सही देण्याआधी लॅबच्या एका यंत्रावर, एका मुलाच्या लॅपटॉपवर आणि एका उबंटू यंत्रावर एकेक पॅकेज बसवून बघायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम.

इन्स्पेक्शन चालू करण्याचा निर्णयही सगळ्या नेटवर्कला एकाच मापाने लावला गेला. मुलांच्या वाय-फायसाठी तो वेगळा ठेवता आला असता. ज्या यंत्रांवर सीए टाकायचा अधिकार कॉलेजला नाही, तिथे इन्स्पेक्शन केलं की एरर येणारच, आणि एरर रोज दिसू लागला की माणूस तो ओलांडायला शिकतो. बैठकीत मी फक्त पॅकेजच्या पत्त्यांपुरतं बोलून थांबलो नसतो तर हा मुद्दा तेव्हाच निकालात निघाला असता. आता मॅडमनी तो प्राचार्यांकडे नेला आहे.

लॅब असिस्टंटच्या पहिल्या उपायाबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. परीक्षेच्या दडपणाखाली, एकट्याने, मुलांचं काम थांबू नये म्हणून त्यांनी तो केला, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. तपासणी बंद करायचीच वेळ आली असती, तर ती कॉन्फिग फाइलमध्ये न लिहिता त्या एकाच कमांडपुरती ठेवायची आणि कोणत्या यंत्रावर केली ते वहीत टिपायचं, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी साफसफाईचं निम्मं काम वाचलं असतं.

सूट दिलेल्या पत्त्यांच्या यादीला अजून कुणी वाली नाही. पत्ते बदलतात, नवी साधनं येतात. कोंडा हे पॅकेज बसवण्याचं दुसरं साधन वापरणारा एक गट पुढच्या वर्षी येणार आहे आणि त्याचे पत्ते यादीत नाहीत. फायरवॉलच्या सीएलाही मुदत आहे. ती संपेल त्या दिवशी लॅबमधलं प्रत्येक यंत्र एकाच वेळी अडेल. ती तारीख सध्या लॅब असिस्टंटच्या वहीत आणि नेटवर्कच्या सरांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आहे. यादी आणि तारीख दोन्ही विभागाच्या वार्षिक देखभालीच्या कागदात घालायचं ठरलं आहे, जूनमध्ये.